खजिना शोधणाऱ्या टोळीतला फितूर कसा पेरायचा? (विज्ञान-साहस चित्रकथा, ३२ पानं)

नेरूलकाठ यांचा प्रश्न

मराठीत ३२ पानांची रंगीत चित्रकथा चालू आहे. ए-पाच आकार, मधोमध पिन, मुखपृष्ठ वेगळं. काळ २१८७. समुद्र आजच्यापेक्षा पाऊण मीटर वर आलाय. गोव्यात मांडवी नदीच्या मुखाशी, अग्वाद किल्ल्याच्या खालच्या अंगाला, रेती उपसून उपसून २० मीटरचा खड्डा पडलाय आणि त्यात सतराव्या शतकातलं एक पोर्तुगीज जहाज उघडं झालंय. पाच जणांची टोळी चोरून रात्री बुड्या मारते. रुक्मी म्होरकी, इझाबेल आणि दामू पाणबुडे, दोघे होडीवर. सोबत 'कुर्ली' नावाचं खेकड्यासारखं यंत्र. टोळी गरीब, त्यामुळे साधनं जुनीच: १२ लिटरच्या टाक्या, काट्याचे दाबमापक.

फितूर दामू आहे. तो सोन्याची पेटी हवेच्या पिशवीला बांधून १० मीटरवर अधांतरी सोडून देतो. पौर्णिमेची रात्र, एकचा सुमार. भरती ती पिशवी नेरूलच्या खाडीत ढकलते, मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) ती आत खाजनात (बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या शेतात) जाते आणि तिथे त्याचा भाऊ टपून असतो. पान ९ वर दामू जेवताना पैशांची अडचण बोलून दाखवतो, पान १७ वर दोन चौकटी तो दिसत नाही, आणि पान २३ वर उघडं पडतं: अख्खं पान, दामूच्या हातात बंदूक.

अडचण अशी की पान ९ मुळे चाणाक्ष वाचक त्याला लगेच ओळखेल, आणि ते पान काढलं तर फितुरी आभाळातून पडल्यासारखी वाटेल. शिवाय २१८७ साली प्रत्येक टाकीचा दाब यंत्राला आपोआप कळत असणार, मग चोरी लपते कशी? पाण्याचं गणित आणि पानांची मांडणी, दोन्हीकडच्या जाणकारांनी सांगावं.

शाईदौत यांचं उत्तर

आधी पान २३ हलवा. डावीकडून उजवीकडे वाचायच्या पुस्तकात विषम पान उजवीकडे येतं. वाचक २२ वर वाचत असतो तेव्हाच २३ वरची बंदूक त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात आलेली असते. गौप्यस्फोट सम पानावर हवा, पान उलटल्यावर पहिल्या चौकटीत. म्हणजे २३ च्या तळाच्या चौकटीत रुक्मी काहीतरी पाहून थबकते, आणि २४ च्या माथ्यावर ती काय पाहते ते. कथेत एक पान वाढवायला जागा नसेल तर आधीचं एखादं प्रवासाचं पान दोन चौकटींत आटोपा. पान १६-१७ मात्र मोकळं ठेवा. ३२ पानांच्या पुस्तकात तो एकच सलग कागद असतो, पिनेच्या दोन्ही बाजूंना चित्र न तुटता जातं. जहाजाचं पहिलं दर्शन तिथे द्या.

आता पान ९. पैशांची अडचण हा पुरावा नव्हे, ते फक्त दामूकडे दाखवलेलं बोट आहे. टोळीतल्या प्रत्येकालाच पैशांची अडचण आहे, म्हणून तर ते रात्रीचे पाण्यात उतरतात. ते संभाषण ठेवायचं तर पाचही जणांची अडचण त्याच जेवणात येऊ द्या आणि दामूची सगळ्यात किरकोळ असू द्या.

पेरायची ती वस्तू. माणसाच्या चेहऱ्यावर कपट रेखाटलंत की खेळ संपला. वाचकाला दिसलेली, पण त्याने भलत्याच कारणाशी जोडलेली एखादी ठोस गोष्ट हवी. तीच गोष्ट पान २४ नंतर परत बघितली की तिचा अर्थ पालटला पाहिजे. पाण्याखाली अशी कुठली वस्तू मिळेल ते पाणबुड्यांनी सांगावं.

आणि बंदूक काढून टाका. बंदूक दाखवली की वाचकाला दामूची चाल समजून घ्यायची गरजच उरत नाही.

खोलपाणी यांचं उत्तर

तुम्हाला हवी ती वस्तू तुमच्याच साधनांत आहे: दाबमापकाचा काटा.

बार हे दाबाचं एकक, पाण्याबाहेर हवेचा दाब साधारण १ बार. २० मीटरवर दाब ३ बार. वर मिनिटाला २० लिटर हवा घेणारा माणूस तिथे ६० लिटर घेतो. टाकी १२ लिटरची, २०० बार भरलेली, म्हणजे २४०० लिटर. १५ मिनिटांत ९०० लिटर गेले, भागिले १२ म्हणजे ७५ बार. काटा १२५ वर हवा.

आता दामू चोरून पिशवी फुगवतो. एक लिटर हवा ढोबळमानाने एक किलो उचलते. ६० किलो सोनं खाऱ्या पाण्यात साधारण ५७ किलो भरतं, म्हणजे ६० लिटरची पिशवी पुरे. पण ते ६० लिटर ३ बारचे, म्हणजे टाकीतून १८० लिटर गेले. काटा आणखी १५ बार खाली: ११०. दोघं परत एकत्र येतात तेव्हा एकाच चौकटीत दोन मापकं दाखवा. इझाबेलचं १२५, दामूचं ११०. ती भुवई उंचावते, तो छातीवर हात ठेवून खुणावतो की दम लागला होता. हे अगदी पटण्यासारखं आहे, घाबरलेला माणूस दुप्पट हवा सहज पितो. वाचक त्याला भित्रा समजेल, चोर समजणार नाही. पुढे रुक्मी तोच आकडा उलटा सोडवते: १५ गुणिले १२, भागिले ३. उत्तर ६० लिटर. तिला पिशवीचा आकारच सापडला.

मात्र त्यासाठी पान १२-१३ च्या आसपास, होडीवर तयारी करताना, हिशेब एकदा उघड सांगून ठेवा: एवढ्या खोलीवर, एवढ्या वेळाला, एवढे बार. दोन वाक्यांत. आणि टाक्या सारख्या, भरलेल्या सारख्या, हेही त्याच चौकटीत दिसू द्या. ते राहिलं तर फरकाला अर्थ राहत नाही.

१० मीटरवर अधांतरी पिशवी हे होत नाही. पिशवी जराशी वर सरकली की दाब घटतो, हवा फुगते, उचल वाढते, ती आणखी वर जाते. जराशी खाली गेली की उलट, ती दगडासारखी तळ गाठते. मधल्या पाण्यात ती स्वतःहून थांबतच नाही. २० मीटरवरचे ६० लिटर पृष्ठभागावर १८० होतात, म्हणून बूड उघडं असलेली पिशवी घ्या, जादा हवा खालून सांडते. बंद पिशवीची झडप अडकली तर ती फाटते. आणि दोर कुणाच्या पट्ट्यात गुंतला तर तो माणूस पिशवीबरोबर सुसाट वर जातो. मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेगाने वर येऊ नये हा नियम आहे, श्वास कोंडून वर आला तर फुप्फुस फाटू शकतं. पाठलागाचा प्रसंग हवा असेल तर तो इथे आहे, बंदुकीची गरज नाही.

पेटीचंही बघा. ६० बाय ४० बाय ४० सेंटिमीटरची पेटी ९६ लिटरची. सोन्याने गच्च भरली तर १८०० किलोच्या वर जाईल, ती पाच जण हलवू शकणार नाहीत. उलट ६० किलो सोनं म्हणजे फक्त ३ लिटर, दुधाच्या कॅनमध्ये मावेल. तुमच्या टोळीचा सगळा खजिना ३०० किलो धरला तर तो न्हाणीतल्या एका बादलीत बसतो. हे चित्र पेटीपेक्षा जास्त अंगावर येईल. बाकीचा माल सोन्याचा नसावा. मुरगावजवळच्या सुंची रीफवर दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेला सतराव्या शतकातल्या बुडीत जहाजाचे अवशेष मिळाले. त्यात हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी आणि लोखंडी तोफा होत्या. असा माल काढलात तर वाचणाऱ्याला जहाज खरं वाटेल.

यंत्राच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. खाऱ्या पाण्यात रेडिओलहरी जवळजवळ लगेच विरतात, आजच्या वायफायसारख्या तर हातभर अंतरातच. आवाजाच्या लहरी जातात, पण नदीच्या उथळ मुखात त्या तळावरून आणि पृष्ठभागावरून आपटून एकमेकांत मिसळतात. कुर्लीकडे दाबाची नोंद असेलच, पण ती होडीवर आल्यावर तार जोडूनच वाचता येईल. चोरी लपवायला दामूला तेवढाच वेळ मिळतो. त्याने नोंद पुसायला जाऊ नये. आकडा खराच आहे, खोटं आहे ते त्याने सांगितलेलं कारण.

मानशीवरचा यांचं उत्तर

पाण्याचं बाकी सगळं वर आलंय, मी भरती आणि मानस एवढंच बघतो. तिथे गोष्ट सध्या उलटी वाहते आहे.

पौर्णिमेला रात्री एक वाजता मांडवीत ओहोटी लागलेली असते. जुना आडाखा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमेचे १५, पाऊणपट सव्वाअकरा. हा आडाखा मुंबईकडचा, मुरगावला भरती त्याच्याही थोडी आधी येते. म्हणजे एक वाजता सोडलेली पिशवी खुल्या समुद्रात जाईल. तुम्हाला हवी अष्टमी. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत पाणी आत चढत राहतं. त्यातही शुद्ध अष्टमी घ्या, कारण चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला मावळतो आणि नंतर मिट्ट काळोख. वद्य अष्टमीला त्याच वेळी चंद्र उगवतो. पौर्णिमेचं चांदणं पानावर सुंदर दिसेल हे मान्य, पण दामू जाणता पाणबुडा आहे, तो ती रात्र निवडणार नाही. अष्टमीचं पाणी भांगाचं असतं, ओढ उधाणापेक्षा कमी. त्यामुळे अग्वादपासून नेरूलच्या तोंडापर्यंत पिशवीला दोन-तीन तास द्या. आणि ती गाठोड्यासारखी वर तरंगते, माल तिच्या खाली दीड-दोन मीटर लोंबतो, हे विसरू नका. उथळ खाडीत माल गाळाला टेकतो. दोर आखूड हवा.

आता मानस. मानशीचं दार माणसाने उघडायचं नसतंच. ओहोटीला आतलं पाणी जोर लावतं आणि दार बाहेर उघडतं, भरती आली की बाहेरचं पाणी तेच दार दाबून बंद करतं. म्हणून तर खारं पाणी शेतात शिरत नाही. भरतीबरोबर आलेली तुमची पिशवी बंद दारावर येऊन थडकेल. एक तर भावाला बांधाच्या बाहेरच्या अंगाला उभा करा, म्हणजे गोष्ट तिथेच संपते. नाहीतर त्याने ओहोटी असताना दाराच्या फटीत वासा घातलाय असं दाखवा.

वासा घातला तर गोष्ट फार पुढे जाते. भरतीचं खारं पाणी चार-पाच तास खाजनात येत राहतं. कोरगूट भात खार सोसतं, पण सोसायलाही हद्द असते. निसवलेल्या पिकात समुद्राचं पाणी साचून राहिलं तर दाणा भरत नाही, लोंब्या पोचट राहतात. २१८७ मध्ये समुद्र पाऊण मीटर वर असेल तर ओहोटीला दार उघडायचा वेळही आजच्यापेक्षा कमी, म्हणजे शिरलेलं पाणी लवकर बाहेर पडत नाही. सकाळी बांधावर आलेल्या शेतकऱ्याला वासा सापडतो, मासळीसाठी मानस लिलावात घेतलेला माणूस आपलं जाळं फाटलेलं बघतो. टोळीच्या आतला एकही माणूस न बोलता फितुरी गावाला कळते. रुक्मीला पान २३ वर थबकवायचंच असेल तर तिला त्या बांधावर उभी करा. पान उलटल्यावर पिवळ्या पडू लागलेल्या भातात लाल पिशवी.

महिना अश्विन घ्या. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा माततो, तिथे बुडी शक्य नाही. अश्विन शुद्ध अष्टमी म्हणजे नवरात्र, भात कापणीला आलेलं, आणि गाव रात्री देवळात मखराच्या उत्सवाला गेलेलं. बांधावर कोण असणार?

वाटेकरी यांचं उत्तर

फितुरीचं कारण अजून कच्चं आहे. पाच जणांत सारखी वाटणी असेल तर प्रत्येकाला २० टक्के. एकाला कायमचा बाजूला केला तर २५. पाच टक्क्यांसाठी कुणी जिवावरचा डाव खेळत नाही. लोभ म्हणून दाखवलंत तर दामू मूर्ख दिसेल.

वर खोलपाणींचा हिशेब बघा. एकूण ३०० किलो, पाच वाटे, प्रत्येकी ६०. आणि काटा सांगतो तेही ६०. दामूने नेमका आपला हक्काचा वाटाच आधी काढून घेतलाय, एक तोळाही जास्त नाही. म्हणजे त्याला जास्त नको होतं, वाटणी होईल यावर त्याचा विश्वास नव्हता. का नव्हता, याचं उत्तर रुक्मीकडे असलं पाहिजे. तिने काहीतरी लपवलेलं असू द्या.

त्यासाठी करार पहिल्या चार पानांत दाखवा, अगदी कलमांसकट. समुद्री चाचा बार्थोलोम्यू रॉबर्ट्सच्या जहाजावरच्या अठराव्या शतकातल्या करारात कप्तान आणि क्वार्टरमास्टरला दोन-दोन वाटे होते, काही हुद्देदारांना दीड. आणि सोबत्यांना एका डॉलरइतका जरी गंडा घातला तर निर्जन किनाऱ्यावर सोडून देण्याची शिक्षा. तुमच्या टोळीच्या करारातही शिक्षेचं कलम असू द्या. वाचकाने ते वाचलेलं असलं की पान २४ नंतर त्याचं लक्ष दामूवर न राहता रुक्मी काय करणार याकडे जातं.

नेरूलकाठ

सगळ्यांचे आभार. पौर्णिमा गेली, बंदूक गेली, पेटी गेली, बादली आली. वासा ठेवतोय. करार पान ३ वर, रुक्मीच्या हस्ताक्षरात, आणि त्यातलं एक कलम तिच्या अंगठ्याखाली झाकलेलं. दोन मापकांची चौकट पान १९ वर बसते. आता दोन शंका. काटा वाचकाला दिसायला हवा, पण 'इकडे बघा' असं वाटायला नको, ते कसं? आणि लाल पिशवी दामूच्या कमरेला आधीपासून असेल तर ती कुणाच्याही डोळ्यांत भरेल.

शाईदौत

आकार आधी. तुम्ही ए-चारवर काढून ए-पाचला छापणार, म्हणजे सगळं ७१ टक्के होतं. छापील मापक १४ मिलिमीटरपेक्षा लहान झालं तर काटा आणि आकडे एकमेकांत बुडतात. म्हणून मूळ चित्रात तबकडी २० मिलिमीटरची काढा. सगळे आकडे लिहू नका, फक्त ५०, १००, १५०, २०० आणि मधल्या रेघा. काट्याची रेघ ०.५ मिलिमीटर, छापल्यावर ०.३५ राहते. त्याहून बारीक काढलीत तर रंगीत पार्श्वभूमीवर हरवेल.

लक्ष वेधलं जाऊ नये यासाठी मापकाला स्वतंत्र चौकट देऊ नका. स्वतंत्र चौकटीचा अर्थच 'हे महत्त्वाचं' असा होतो. दोघांचे हात, दोन विजेऱ्या, दोन तबकड्या, सगळं एका रुंद चौकटीत, आणि त्याच चौकटीत दुसरी एखादी मोठी घटना. कुर्लीने गाळातून पहिला हस्तिदंत वर काढलाय. डोळा तिकडे धावतो. १२५ डावीकडे, ११० उजवीकडे, म्हणजे आधी योग्य आकडा वाचला जातो आणि दुसरा नुसता नजरेखालून जातो. दामूची दम लागल्याची खूण पुढच्या चौकटीत. तिला संवादाचा फुगा नको.

पान २४ नंतर तीच चौकट पुन्हा छापा, जशीच्या तशी, फक्त हस्तिदंताचा भाग कापून. नव्याने काढलीत तर वाचकाला शंका येते की आधी असं नव्हतंच. तो मागचं पान उलटून पडताळणार, आणि तिथे एक रेघही वेगळी सापडता कामा नये.

लाल पिशवीचं काम पाणीच करेल. लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी जातो. स्वच्छ समुद्रातही पाच-सहा मीटरवर तो मळकट होतो, मांडवीच्या गढूळ पाण्यात त्याच्याही आधी. दिवसाच्या पाहणीच्या बुडीत, साधारण पान १४ ला, कमरेची घडी काळपट करडी रंगवा: त्या पानाच्या सगळ्या रंगांतून छपाईची किरमिजी शाई जवळपास शून्यावर आणा, म्हणजे माणसांची कातडीही हिरवट होईल आणि पिशवी एकटी वेगळी दिसणार नाही. विजेरीचा झोत तिच्यावर पडू देऊ नका. झोतात लाल परत येतो. पान १९ च्या रात्रीच्या चौकटीत झोताच्या कडेला तिचा एक कोपरा, नखाएवढा, लाल दाखवता येईल. मग पान २४ च्या उन्हात पूर्ण लाल.

अक्षरांबद्दल एक: पाण्याखालच्या बोलण्याला चौकोनी फुगे, ९ पॉइंटचं अक्षर, ओळीतलं अंतर १३ पॉइंट. इंग्रजीच्या सवयीने ११ ठेवलंत तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत आणि रफारात घुसतात. 'फितूर' आणि 'सूर्य' वर-खाली आले की लगेच दिसेल.

खोलपाणी

खुणांचं एक राहिलं. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'वर चला', 'छान' नव्हे. 'ठीक' म्हणायला अंगठा आणि तर्जनीचं कडं. हवा कमी झाली तर छातीवर मूठ, संपली तर गळ्यावरून आडवा हात. दामूची दम लागल्याची खूण छातीवर उघड्या पंजाची ठेवा, मूठ काढलीत तर 'हवा कमी' असा अर्थ होतो आणि ११० बारवर ते खोटं ठरेल, कारण राखीव ५० बार धरले तरी त्याच्याकडे ६० शिल्लक आहेत. इझाबेलने मात्र त्याचा आकडा बघून अंगठा वर करावा. पाणबुड्या नसलेला वाचक ते शाबासकी समजेल. ती त्याला वर जायला सांगते आहे, आणि पुढच्या चौकटीत दामू मान हलवून नाही म्हणतो, कारण पिशवी नुकतीच सुटली आहे आणि ती होडीपासून लांब वाहून जायला त्याला अजून काही मिनिटं हवीत.